नोटीस आणि पोच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी वकील नाही, संगणक अभियंता आहे. तरी संयोजकांनी 'नागरिकांचे हक्क' हा विषय माझ्या गळ्यात घातला, कारण आमच्या सोसायटीची कार्यालयांना जाणारी पत्रं मी लिहिते. नागरिकशास्त्र हा आपला परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय. बाई फळ्यावर 'कलम २१ : जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क' असं लिहायच्या आणि आपण ते वहीत उतरवायचो. त्या कलमाचं आपल्या मानखुर्दशी काय नातं आहे, ते पुस्तकात नव्हतं. आज तेवढंच सांगते.

आपल्या वर्गात चीता कॅम्पची मुलं होती. त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील आधी भाभा अणुसंशोधन केंद्राजवळच्या जनता कॉलनीत राहायचे. केंद्राला ती जागा हवी होती आणि लोक वर्षानुवर्षं लढत होते. जोकिन अर्पुथम, ज्यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते याच वस्तीतून पुढे आले. मग आणीबाणी आली. २७ जून १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम १४, २१ आणि २२ यांच्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयानंही चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं, की या काळात स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. तो खटला घरांचा नव्हता, पण हवा कुठली होती ते कळतं. पुढच्याच महिन्यात जनता कॉलनी पाडली गेली आणि सुमारे सत्तर हजार माणसं चीता कॅम्पला आणली गेली. आपल्यातल्या कितीजणांच्या घरी ही गोष्ट पावसाच्या तोंडावर ठोकलेल्या ताडपत्रीपासून सुरू होते!

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं ती वाट पुन्हा बंद होऊ नये अशी सोय केली. आता आणीबाणी लागली तरी कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट १९८१ची. भर पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, की पदपथावरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडायचं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काहीजण कोर्टात गेले. त्या निकालपत्रात एक अर्जदार आपल्या संगमनेरकडचा आहे. गावी जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, घर पडलं, म्हणून १९६९ला मुंबईत आला, बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं आहे. मला तो निकाल वाचताना कायद्यापेक्षा हे ३०० रुपयेच जास्त लक्षात राहिले.

१० जुलै १९८५ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. १९७६च्या त्या चार जणांमध्ये हेच होते! त्यामुळे माणूस बदलतो की काळ, हे मी सरांवर सोडते. पालिकेच्या कायद्यातलं कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढायची मुभा देतं. कोर्ट म्हणालं, मुभा आहे म्हणजे सक्ती नव्हे. नोटीस देणं आणि ऐकून घेणं हा नियम, न देणं हा अपवाद. पण पदपथ मोकळे करू नका, असं काही म्हटलं नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढी पावसाळ्याची सवलत दिली. म्हणजे घर वाचेलच असं नाही. विचारल्याशिवाय जाऊ नये, इतकं मिळालं. कुणाला हे कमी वाटेल. मला वाटत नाही. साधी फाइल पुसतानाही संगणक 'नक्की ना?' म्हणून विचारतो. इथे तर माणसाचं छप्पर आहे.

पाण्याचंही तसंच. ड्रम घेऊन टँकरमागे धावणं इथे कुणाला सांगायला नको. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, की झोपडी बेकायदा असली तरी पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही. तो कलम २१चा भाग आहे. त्यानं झोपडी कायदेशीर ठरत नाही, हेही त्यातच आहे.

आता आजचं. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका मैत्रिणीच्या आईच्या दारावर नोटीस चिकटवली होती. घाबरून तिनं ती फाडून टाकायच्या आत आम्ही फोटो काढला. तारीख कुठली, कलम कुठलं, उत्तर कुणाला आणि किती दिवसांत, हे चार प्रश्न लाल पेननं लिहिले. दोन पानी उत्तर दिलं, सोबत वीजबिल आणि रेशनकार्ड. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ठेवून जा." मैत्रीण हलली नाही. म्हणाली, "साहेब, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक द्या." पाऊण तास उभी राहिली. पुढे सुनावणीची तारीख मिळाली. निकाल अजून नाही, घर उभं आहे.

अटकेबद्दल थोडक्यात. कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं हे कलम २२ सांगतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. साक्षीसाठी बाईला किंवा साठीपुढच्या पुरुषाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती नाही. जबाब घरी येऊन घ्यायचा. सर, यात आता तुम्हीही आलात. स्त्रियांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००.

नोटिशीच्या उत्तराचा साधा मराठी मसुदा मी छापून आणला आहे. जेवणाच्या टेबलाजवळ गठ्ठा ठेवलाय, एकेक प्रत घ्या. खिडकीवर पोच नाकारली तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आपल्याकडे पाणी कुठून शिरतं ते तुम्हाला माहीत आहेच.