संशोधनाचे मोजमाप आणि आपली मुले
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



घरातील मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात पाठविताना आपण दोन प्रश्न विचारतो : फी किती आणि पुढे नोकरी लागेल काय? तिसरा प्रश्न विचारण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. त्या संस्थेत नवे ज्ञान निर्माण होते काय, आणि ते जगाला दिसते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर हल्ली आकड्यांत दिले जाते. सावकाराच्या वहीतील आकडा वाचता येत नव्हता म्हणून आपल्या वाडवडिलांनी काय भोगले, ते मी तुम्हांस सांगावयास नको. विद्येच्या वहीतील आकडा तरी आपण वाचावयास शिकले पाहिजे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीची योजना आखली आणि २०१६ मध्ये पहिली क्रमवारी जाहीर केली. विद्यापीठांसाठी शंभर गुणांची वाटणी अशी आहे : अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे यश २०, सर्वसमावेशकता १० आणि लौकिक १०. संशोधनाचे गुण देताना किती निबंध प्रसिद्ध झाले आणि इतर विद्वानांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार किती वेळा घेतला, हे प्रामुख्याने मोजतात. ही मोजणी स्कोपस व वेब ऑफ सायन्स ह्या परदेशी कंपन्यांच्या सूचींवरून होते. त्या सूचींत बहुतांश नियतकालिके इंग्रजी आहेत. भीमाशंकरच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्या बाईच्या मजुरीवर कोणी मराठीत उत्तम प्रबंध लिहिला, तरी ह्या मोजणीत तो बहुधा येणार नाही. म्हणून त्या प्रबंधाची किंमत शून्य ठरते काय? मुळीच नाही. मापाच्या बाहेर राहिले ते सारे हलके, असे समजण्याचे कारण नाही.

आता आपल्याच तालुक्यातील उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडद येथे जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. कोणत्याही देशातील शास्त्रज्ञाने अर्ज करावा, अर्जाची गुणवत्ता तपासली जावी आणि त्यावरून त्यास वेळ मिळावा, अशी तेथील रीत आहे. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यात ह्या दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही वाटा होता. संस्था जगाला दिसते ती अशा कामामुळे.

दुसरे उदाहरण बिबट्याचे. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि माणसांवरील हल्ले त्यामुळे कमी न होता वाढले, असे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दाखवून दिले. प्रश्न आपल्या उसाच्या शेतातला होता; त्याचे उत्तर जगाने वाचले.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोडदच्या पोराला तबकडी रोज सकाळी दिसते. पण निबंधावर त्याचे नाव आल्यावाचून तो जगाला दिसत नाही. ज्ञानाच्या शेजारी राहणे निराळे आणि ज्ञानाचे वाटेकरी होणे निराळे. संशोधन करणाऱ्यांत आमची मुले किती, हे क्रमवारीच्या एका आकड्यावरून कळत नाही. सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागे ठेवलेल्या विद्यार्थ्यांचा विचार ज्या सदरात होतो, त्याला शंभरांपैकी दहाच गुण आहेत, आणि त्या दहांतही इतर बाबी आहेत.

मापाचा लोभ सुटला म्हणजे काय होते, तेही पाहा. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण ठरविले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. पुढे केलेली नवी यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. आता पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी निबंध छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्तीही २०२२ च्या नियमांत राहिली नाही. म्हणून "इतके हजार द्या, आठवड्यात छापून देतो" असे कोणी म्हटले, तर आईचा दागिना गहाण टाकू नका.

डॉ. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. त्यांच्या संशोधनाचे वजन देशाच्या खऱ्या प्रश्नावर पडले. आपली कसोटी हीच असू द्या.

तेव्हा तीन कामे करा. महाविद्यालय निवडताना क्रमांकावर थांबू नका. संशोधनाचे गुण कशाचे, आणि आपल्या समाजाचे किती विद्यार्थी तेथून संशोधक झाले, हे प्राचार्यांस विचारा. शोधगंगा ह्या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. मुलांना ते उघडून दाखवा. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचे केंद्र लोकांसाठी खुले होते, तेव्हा मुलांना, विशेषतः मुलींना, तेथे घेऊन जा. ती तबकडी लांबून पाहावयाची वस्तू नव्हे, ते आपल्याही कामाचे ठिकाण होऊ शकते, हे त्यांना त्या दिवशी कळू द्या.

जय भीम.