ग्लायडर आणि त्याची वाटखुणांची वही



वैशाखातल्या दुपारी शेताच्या बांधावर उभे राहून वर पाहिलेत, तर एखादी घार हमखास दिसते. पंख पसरलेले, त्यांची फडफड नाही. तरी ती गिरक्या घेत घेत वर वर जात असते. खाली नांगरलेली जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते, आणि त्या चढत्या हवेवर घार स्वार झालेली असते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. संध्याकाळी परतायचे कोणत्या झाडावर, हेही तिला कोणी लिहून दिलेले नाही.

माणसाने घारीची पहिली विद्या उचलली आणि ग्लायडर तयार केले. दुसरी विद्या मात्र त्याच्या अंगी नाही. म्हणून परतण्याची ठिकाणे त्याला लिहून ठेवावी लागतात. त्या लिहिण्याविषयी, आणि लिहिलेले वेळोवेळी दुरुस्त करण्याविषयी, आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ग्लायडर म्हणजे उडण्यासाठी इंजिनावर अवलंबून नसलेले विमान. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. यंत्राच्या चरकावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने, नाहीतर दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते वर चढवतात. मग दोर सोडला की पुढचे सारे हवेवर आणि वैमानिकाच्या हुशारीवर. चांगले ग्लायडर शांत हवेत १ मीटर खाली येईपर्यंत ४० मीटर पुढे जाते. म्हणजे १००० मीटर उंची हाताशी असली तर ४० किलोमीटरची मजल. वाटेत चढती हवा सापडत गेली की शेकडो किलोमीटरही जाता येते. २००३ साली क्लाउस ओलमान या जर्मन वैमानिकाने अँडीज पर्वताच्या वाऱ्यांवर एका दिवसात ३००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले.

पण वैमानिक कितीही मोठा असो, त्याच्या मनात सतत एकच प्रश्न असतो: ‘आत्ता, या उंचीवरून, मी कुठे पोहोचू शकेन?’ मोटारगाडीत पेट्रोल संपले तर गाडी रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशाला कड नाही. उंची हेच ग्लायडरचे पेट्रोल, आणि ते एकदा खर्च झाले की चढती हवा भेटेपर्यंत परत मिळत नाही.

पूर्वी हे गणित वैमानिक कागदी नकाशावर आणि मनातल्या मनात करीत. पॉल मॅक्रेडी या अमेरिकन वैमानिकाने, जो १९५६ साली ग्लायडिंगमध्ये जगज्जेता झाला, चढउतार दाखवणाऱ्या यंत्राच्या तबकडीभोवती बसवायची एक आकड्यांची कडी काढली. किती वेगाने गेले म्हणजे फायदा होतो, हे तिच्यावरून कळे. आज ती कडी आणि तो नकाशा दोन्ही एका छोट्या गणकयंत्रात जाऊन बसले आहेत. उपग्रहांकडून ते स्वतःचा ठावठिकाणा घेते, वाऱ्याचा अंदाज करते आणि पडद्यावर सांगते, ‘अमुक धावपट्टी २८ किलोमीटरवर आहे. तू तिथे २०० मीटर उंची राखून पोहोचशील.’

आता बघा, हे उत्तर त्या यंत्राने कशावरून दिले? ते स्वतः कुठे आहे, हे त्याला कळते. पण धावपट्टी कुठे आहे, हे ते पाहत नाही. ते त्याच्या पोटातल्या वहीतून वाचते. त्या वहीत एका ओळीत एक ठिकाण असते: नाव, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, धावपट्टीची दिशा, तिची लांबी आणि तिथल्या रेडिओची कंपनसंख्या. अशा शेकडो, कधी हजारो ओळी. विमानतळ, तसेच पूल, धरणे, डोंगरमाथे यांसारख्या वाटखुणाही त्यात असतात.

या ओळीतला एक आकडा चुकला तर काय होते, ते उदाहरणाने पाहू. समजा, एक धावपट्टी समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीवर आहे आणि वहीत उंचीच्या जागी शून्य पडले आहे. यंत्र बिचारे प्रामाणिक. ते वैमानिकाला ३०० मीटर उंची जास्त असल्याचे सांगेल. समोरचा वारा धरून ग्लायडर एका मीटरला ३० मीटर जात असेल, तर ही नसलेली ३०० मीटर उंची म्हणजे नसलेली ९ किलोमीटरची वाट. पडद्यावर सगळे ठीक, आणि ग्लायडर मात्र धावपट्टीच्या ९ किलोमीटर अलीकडे, झाडांच्या शेंड्यांशी. फूट आणि मीटर यांची गल्लत झाली तरी असाच घोटाळा होतो.

अक्षांश-रेखांशांचेही तसेच. ३० कला ४५ विकला ही एक गोष्ट, आणि ३० पूर्णांक ४५ शतांश कला ही दुसरी. शिक्षक मंडळींना फरक लगेच कळेल: ४५ विकला म्हणजे पाऊण कला, ७५ शतांश. दोन्हींत ३० शतांश कलेचे अंतर. अक्षांशाची एक कला म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा ही चूक साडेपाचशे मीटरांच्या वर जाते. शर्यतीत वळणखुणेभोवती साधारणपणे ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते आणि वैमानिकाला त्यात शिरून यावे लागते. चुकीच्या ओळीवर विसंबलेला गडी नेमका ‘खुणेवर’ जाऊन येईल आणि तरी वर्तुळाबाहेरच राहील. दिवसभराची मेहनत फुकट! म्हणूनच शर्यतीचे संयोजक सर्वांना एकच यादी देतात आणि ती जशीच्या तशी यंत्रात घालायला सांगतात.

तुम्ही म्हणाल, एकदा नीट तपासून वही भरली की झाले. पण जग जागच्या जागी राहत नाही. शिकागो शहरात सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांच्या हुकमाने बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टी मधोमध उखडून टाकली. सकाळी तळावरची विमाने तिथेच अडकलेली! आदल्या दिवशीची खरी असलेली नोंद एका रात्रीत खोटी ठरली.

बर्लिनचा टेंपेलहोफ विमानतळ ३० ऑक्टोबर २००८ रोजी बंद झाला आणि २०१० साली लोकांसाठी उद्यान म्हणून खुला झाला. आज तिथे लोक सायकली चालवतात, मुले पतंग उडवतात. गंमत अशी, की धावपट्ट्या मोडलेल्या नाहीत, वरून त्या अजूनही दिसतात. म्हणजे जुनी वही म्हणते विमानतळ आहे, डोळेही म्हणतात विमानतळ आहे, आणि खाली पोरे खेळताहेत. आपल्याकडेही गोव्यात मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. त्याआधीच्या वहीत त्या जागी कोरे पठार असणार. विमानतळ बंद झाला वा नवा निघाला, की त्याच्याभोवतीच्या आकाशात परवानगीशिवाय कुठे शिरू नये, याच्या सीमाही बदलतात. त्या सीमाही याच यंत्रात भराव्या लागतात.

काही बदल तर माणसाने न करताच होतात. धावपट्टीला नाव देतात ते होकायंत्रावरून. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या दोन टोकांना ०९ आणि २७ म्हणतात, कारण तिच्या दिशा साधारण ९० आणि २७० अंश आहेत. शेवटचे शून्य सोडून दिले. परंतु पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असतो. म्हणून लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची ०५-२३ ही धावपट्टी २००९ साली ०४-२२ झाली. धावपट्टी तसूभरही हलली नाही, तिचे नाव हलले. युरोपात रेडिओवरची गर्दी वाढली म्हणून दोन कंपनसंख्यांमधले अंतर एकतृतीयांश केले, आणि २०१८ च्या सुमारास लहानसहान विमानतळांच्या कंपनसंख्या बदलल्या. जुनी वही बाळगणारा वैमानिक उतरण्याआधी हाक मारणार, पण ऐकायला त्या जागी कोणी नाही.

अशा बदलांसाठी सर्व राष्ट्रांनी मिळून एक शिस्त घालून घेतली आहे. महत्त्वाचे, आधी ठरलेले बदल दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारीच अमलात येतात, आणि ते आगाऊ कळवले जातात. मधल्या तातडीच्या गोष्टी वैमानिकांच्या सूचनापत्रकातून निघतात.

मग नवी वही भरायची कशी? रीत सोपी आहे. यंत्राच्या कारखानदाराकडून, क्लबकडून किंवा स्वयंसेवकांनी जमवलेल्या संग्रहातून ताजी यादी घ्यायची आणि छोट्या स्मरणपट्टीवरून यंत्रात उतरवायची. खरे काम त्यापुढचे. जुनी यादी काढून टाकावी, नाहीतर एकाच तळाच्या दोन नोंदी होतात आणि घाईत बोट जुन्यावर पडते. स्वतः भरलेल्या खुणा वेगळ्या जपाव्यात. मग ओळखीचा तळ उघडून पाहावा: जागा, उंची, धावपट्टीची दिशा, कंपनसंख्या. त्यानंतर आज ज्या तळांवर उतरण्याची वेळ येऊ शकते, तेवढे छापील नकाशाशी पडताळावेत. हे जमिनीवर, सावलीत बसून करायचे काम आहे. गिरक्या घेताना नव्हे.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, विहीर केव्हाच बुजलेली असते. त्या कागदाच्या भरवशावर कोणी उन्हाळी पीक घेतले तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. कागद खोटे बोलत नाही. तो फक्त जुने खरे सांगतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा एकदा उतरवून पाहा. ठाणे जिल्ह्यातून पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तुमच्या नकाशावर तो आहे का? नसेल तर नकाशा फेकू नका. मुलांकडूनच ती रेघ काढून घ्या आणि कोपऱ्यात आजची तारीख घाला. पुढच्या वर्षी पुन्हा पाहा. नोंदीइतकीच तिच्यावरची तारीख महत्त्वाची, हे त्यांना तेवढ्यात कळेल.

ग्लायडरचा वैमानिक शेवटी उतरतो तो डोळ्यांनी पाहूनच. पण पाहण्याइतके जवळ जायचे कुठे, हे त्याला वही सांगते. आणि तिथवर जाण्यात त्याची उंची संपलेली असते. घारीला रात्रीचे झाड तोडलेले आढळले तर ती पंख मारून दुसरे गाठते. ग्लायडरला पंख मारता येत नाहीत. म्हणून त्याची वही निघण्यापूर्वीच ताजी असावी लागते.