गांवच्या नभोवाणीचा राजकीय वार्ताहर

राजकीय वार्ताहर म्हटला कीं, दिल्लीच्या संसदभवनासमोर उभा राहून बोलणारा, मंत्र्यांच्या मोटारीमागें धांवणारा असा कोणी इसम आपल्या डोळ्यांपुढें येतो. आज ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें तो याहून अगदीं निराळा. त्याचें राज्य एका जिल्ह्याएवढें. त्याच्या बातमींत पंतप्रधान क्वचितच येतात; येतात ते नगरसेवक, पाणीपुरवठा समितीचे सभापति, रुग्णालयाचे अधिकारी आणि शाळेच्या गळक्या छपराची तक्रार करणारे पालक. आणि त्याचें साधन वर्तमानपत्र नव्हे, तर आपल्याच गांवचें नभोवाणी-केंद्र.

मी जन्मभर मास्तरकी केली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत नगरपालिकेचा एक धडा असतो. मुलें तिचीं आवश्यक आणि ऐच्छिक कर्तव्यें तोंडपाठ करतात, परीक्षेंत लिहितात आणि सुटींत विसरून जातात. काल रात्रीं आपल्या नगरपालिकेंत काय ठरलें, कोणी कोणत्या बाजूनें हात वर केला, हें कोणी घरीं येऊन सांगितलें म्हणजेच त्या धड्यांत जीव येतो. तें सांगणें हाच ज्याचा धंदा, त्याचें काम कसें चालतें, त्यांत अवघड तें काय आणि आपल्याला त्याची गरज कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हा धंदा जेथें चांगला रुजला त्या इंग्लंडकडे प्रथम पाहूं. तेथेंहि आरंभीं राज्यकर्त्यांना नभोवाणीचा संशय वाटे. जो विषय येत्या पंधरवड्यांत पार्लमेंटपुढें यावयाचा असेल त्याची चर्चा नभोवाणीवर करूं नये, असा दंडक युद्धकाळापासून चालत आला होता. १९५५ सालीं सरकारनें त्याला रीतसर हुकुमाचें रूप दिलें. पार्लमेंटला एक प्रतिस्पर्धी उभा राहील, ही त्यामागची भीति. पुढें १९५६ सालीं सुएझच्या प्रकरणानें सारा देश ढवळून निघाला. ज्या प्रश्नावर घरोघर वाद चालले आहेत त्यावर नभोवाणीनें मात्र मौन धरावें, हें त्या वेळीं कोणासच पटेना, आणि त्या वर्षाअखेर तो दंडक बाजूस ठेवण्यांत आला. त्यानंतर अकरा वर्षांनीं, ८ नोव्हेंबर १९६७ रोजीं, बी. बी. सी.नें लेस्टर शहरांत आपलें पहिलें स्थानिक केंद्र उघडलें. या कल्पनेचा पाठपुरावा फ्रँक गिलर्ड या गृहस्थांनीं केला होता. दुसऱ्या महायुद्धांत ते स्वतः रणांगणावरील वार्ताहर होते. २०२३ सालीं इंग्लंडांत बी. बी. सी.चीं अशीं ३९ केंद्रें होतीं.

अशा केंद्राच्या राजकीय वार्ताहराचें काम सभेच्या आधींच सुरू होतें. इंग्लंडांत कौन्सिलच्या सभेची विषयपत्रिका व तिच्या जोडीचे अहवाल पांच पूर्ण दिवस आधीं लोकांस खुले करावे लागतात. त्या जाडजूड बाडांत बातमी बहुधा पहिल्या पानावर नसते. ती एखाद्या परिशिष्टाच्या तक्त्यांत दडून बसलेली असते. तें बाड जो चिकाटीनें वाचतो त्यालाच सभेंत कोणता प्रश्न टाळला गेला हें ओळखतां येतें. सभेला हजर राहण्याचा जनतेचा व पत्रकारांचा हक्क तेथें १९६० सालच्या कायद्यानें पक्का झाला. तें विधेयक मांडणाऱ्या नवख्या सभासद म्हणजे पुढें पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर. २०१४ पासून सभेचें ध्वनिमुद्रण करण्याचीहि मुभा मिळाली. सभा संपते रात्रीं, आणि सकाळच्या बातमीपत्रांत तिचा सारांश द्यावयाचा असतो चाळीस सेकंदांत. इंग्रजी निवेदनाचा वेग सेकंदाला सुमारें तीन शब्द धरतात. म्हणजे तीन तासांच्या सभेच्या वांट्याला शें-सव्वाशें शब्द!

येथें कानाची बातमी आणि डोळ्याची बातमी यांतला भेद समजून घेतला पाहिजे. वर्गांत शुद्धलेखन सांगतांना मला हा भेद रोज जाणवे. पुस्तक वाचणारा मुलगा अडला तर मागची ओळ पुन्हां वाचतो. ऐकणाऱ्याला मागची ओळच नसते. शब्द निघून गेला कीं गेला. आपल्या मराठी वाक्याची ठेवण तर या कामीं फारच सावधपणें वापरावी लागते. वर्तमानपत्रांत आपण वाचतों, "पुलाच्या कामांत मोठी अफरातफर झाली आहे, असा आरोप विरोधी पक्षाच्या नेत्यांनीं काल केला." छापील वाक्य म्हणून तें निर्दोष आहे. परंतु तेंच नभोवाणीवरून आलें आणि मध्येंच स्वयंपाकघरांत कुकरची शिटी वाजली, तर ऐकणाऱ्याच्या कानीं अफरातफर तेवढी पडते. आरोप करणारा शिटीबरोबर वाफ होऊन जातो. दुपारपर्यंत ती अफरातफर गांवभर सिद्ध झालेली असते. म्हणून नभोवाणीच्या वार्ताहरानें बोलणाऱ्याचें नांव आधीं सांगावें: "विरोधी पक्षाच्या नेत्यांचा आरोप असा कीं..." वाक्य थोडें अवघडलें तरी चालेल, परंतु एका माणसाची अब्रू शेवटच्या तीन शब्दांवर टांगून ठेवूं नये.

आंकड्यांचेंहि तसेंच. अंदाजपत्रकांतील तीन कोटि सत्याण्णव लक्ष बेचाळीस हजार ही रक्कम "सुमारें चार कोटि" म्हणून सांगितली तर श्रोत्याच्या लक्षांत राहते. पण ठराव सत्तावीस विरुद्ध पंचवीस मतांनीं संमत झाला असेल तर "थोड्या मतांनीं" म्हणून भागत नाहीं. तेथें एकेका मताची किंमत आहे. कोठें गोळाबेरीज करावी आणि कोठें तंतोतंत बोलावें, हा विवेक ज्याला आहे तोच या कामास लायक.

वार्ताहराच्या हातीं आणखी एक दुधारी शस्त्र असतें, तें म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज. छापील अवतरणाविषयीं पुढारी "मी असें बोललोंच नाहीं" म्हणूं शकतो. स्वतःचा आवाज नाकारणें त्याला कठीण जातें. परंतु वीस मिनिटांच्या मुलाखतींतून वीस सेकंद निवडण्याची सत्ता वार्ताहराची. "रस्ता रुंद करावाच लागेल, परंतु आधीं तेथील दुकानदारांना जागा देऊं," हें वाक्य 'परंतु'च्या अलीकडे तोडलें तर शब्द सारे खरे आणि बातमी सारी खोटी! कापलेला तुकडा मूळ बोलण्याशीं इमानी आहे कीं नाहीं, हें श्रोत्याला कळावयास मार्ग नसतो. तेथें वार्ताहराची सदसद्विवेकबुद्धि हाच एकटा पहारेकरी.

निवडणुकीच्या दिवसांत या बुद्धीच्या जोडीला नियम येतात. ब्रिटनमध्यें एखाद्या मतदारसंघाविषयीं खास वृत्तांत द्यावयाचा तर तेथील सर्व उमेदवारांची यादी सांगावी लागते. बलाढ्य पक्षाचा उमेदवार आणि एकटा लढणारा अपक्ष, दोघांचींहि नांवें श्रोत्यांच्या कानांवर पडलीं पाहिजेत. मतदानाच्या दिवशीं केंद्रें उघडल्यापासून बंद होईपर्यंत निवडणुकीच्या प्रश्नांची चर्चा व मीमांसा बंद ठेवावी लागते. एरव्हीं बोलण्यासाठीं पगार घेणारा माणूस त्या दिवशीं कसोशीनें गप्प राहतो, कारण तो दिवस मतदाराचा.

आतां या धंद्याचें खरें बळ कशांत आहे तें एका प्रसंगावरून पाहूं. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं ब्रिटनचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनीं मोठ्या करकपातीची योजना मांडली. २६ तारखेस पौंडाचा भाव डॉलरच्या तुलनेंत पूर्वीं कधीं नव्हता इतका खालीं गेला. २८ तारखेस बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घेण्यासाठीं बाजारांत उतरावें लागलें. पंतप्रधान लिझ ट्रस यांनीं या दिवसांत मौन धरलें होतें. २९ तारखेच्या सकाळीं तें सोडलें, आणि तें लंडनच्या नामांकित मुलाखतकारांपुढें नव्हे, तर लीड्स, नॉरफोक, केंट, लँकाशायर, नॉटिंगहॅम, टीस, ब्रिस्टल आणि स्टोक या आठ स्थानिक केंद्रांवर. प्रत्येकाला सुमारें पांच मिनिटें. सारा कार्यक्रम तासाभराचा.

गांवचीं केंद्रें म्हणजे सौम्य प्रश्न, असा कोणाचा समज असलाच तर तो त्या तासांत उरला नाहीं. लीड्सनें विचारलें कीं, इतके दिवस आपण होतां कोठें? लँकाशायरनें भूगर्भांतील वायु काढण्याच्या योजनेविषयीं विचारलें, कारण ती त्यांच्याच शेजारीं व्हावयाची. नॉरफोकनें विषय काढला तो आपल्या भागांतील, टेकू देऊन सांवरलेल्या रुग्णालयाच्या छताचा. स्टोकनें घरकर्जाच्या वाढत्या हप्त्यांबद्दल विचारलें, आणि उत्तराच्या आधीं एक लांबलेली शांतता श्रोत्यांना स्पष्ट ऐकूं आली. २० ऑक्टोबर रोजीं ट्रसबाईंनीं राजीनामा जाहीर केला. तो या मुलाखतींमुळें दिला असें मी म्हणत नाहीं. त्याचीं कारणें पुष्कळ होतीं. मला दाखवावयाचें तें एवढेंच कीं, राजधानींतील मुलाखतकार धोरणाविषयीं विचारतो, तर गांवचा माणूस छताविषयीं विचारतो. धोरणाला धोरणाच्या भाषेंत उत्तर देऊन निसटतां येतें. टेकू दिलेल्या छताला तसें उत्तर नसतें. आणि असे प्रश्न आयत्या वेळीं सुचत नाहींत. प्रश्न विचारणारे ते सकाळचे निवेदक असले, तरी कोणी तरी तो विषय महिनोन्‌महिने धरून ठेवलेला असावा लागतो. तें धरून ठेवणें हेंच आमच्या या वार्ताहराचें काम.

पण जें त्याचें बळ तेंच त्याचें संकट. दिल्लीच्या वार्ताहराला मंत्री बाजारांत भेटत नाहीं. गांवच्या वार्ताहराला मात्र ज्या सभापतींची गफलत त्यानें सकाळीं सांगितली, तेच संध्याकाळीं भाजी घेतांना भेटतात. दोघांचीं मुलें एका शाळेंत जातात. स्नेहानें जीभ मऊ होते, रागानें ती अकारण तिखट होते, आणि दोन्हींपासून तिला जपणें हें रोजचें व्रत होऊन बसतें.

दुसरें संकट पैशाचें. २०२३ सालीं बी. बी. सी.नें काटकसरीसाठीं आपल्या स्थानिक केंद्रांचे दुपारी दोननंतरचे पुष्कळसे कार्यक्रम अनेक केंद्रांत मिळून एक असे केले; त्याविरुद्ध पत्रकारांनीं संपहि केला. उलट, कौन्सिलांच्या सभा ओस पडूं नयेत म्हणून याच संस्थेनें २०१७ पासून स्वतःच्या खर्चानें सुमारें दीडशें वार्ताहर स्थानिक वृत्तपत्रांच्या पदरीं नेमवले होते. म्हणजे ज्या देशांत हा धंदा रुजला तेथेंहि तो आपोआप जगत नाहीं. त्याला पाणी घालावें लागतें.

आपल्याकडे काय? नभोवाणीवरील राजकीय बातमी आपल्याला परकी नाहीं. १९४२ च्या ऑगस्टपासून, नोव्हेंबरांत पोलिसांची धाड पडेपर्यंत, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. वर्तमानपत्रांना छापण्याची चोरी असलेल्या बातम्या त्यावरून लोकांस कळत. विदर्भांतील आष्टी-चिमूरची हकीगतहि त्यांत होती. स्वातंत्र्यानंतर हें काम आकाशवाणीकडे आलें. तिचे जिल्ह्याजिल्ह्यांतील अंशकालीन वार्ताहर तें निष्ठेनें करीत आले आहेत. सातारा, बीड येथें आकाशवाणीचीं स्थानिक केंद्रेंहि निघालीं. परंतु प्रादेशिक बातमीपत्राच्या मोजक्या मिनिटांत इतके जिल्हे बसवावयाचे, तर एकेका गांवाच्या वांट्याला येणार तें किती?

खाजगी एफ. एम. केंद्रांची गोष्ट याहून विचित्र. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं सांगितलें. असें असूनहि २०११ च्या धोरणानें या केंद्रांना मुभा दिली ती आकाशवाणीचीं बातमीपत्रें जशींच्या तशीं ऐकवण्याची. स्वतःचा वार्ताहर नगरपालिकेंत पाठवून त्याची बातमी देण्याची नव्हे. गाणीं वाजवा, वाहतुकीची कोंडी सांगा, हवामान सांगा. पण रस्त्यावर खड्डा कां पडला हें विचारूं नका! सप्टेंबर २०२३ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें या केंद्रांना तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊं द्याव्यात अशी शिफारस केली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. उद्यां प्रत्येक केंद्राचा धनी आपल्या मर्जींतल्या पुढाऱ्याचा भाट बनला तर? ही भीति खरी आहे. परंतु जो खाजगी धनी वर्तमानपत्र काढूं शकतो, दूरचित्रवाणीवर वृत्तवाहिनी चालवूं शकतो, त्याच्या नभोवाणीलाच तेवढी मुखपट्टी कां, याचें उत्तर त्या भीतींत नाहीं. भाटगिरीवर उपाय नियमांचा: दोन्ही बाजू मांडण्याची सक्ति, तक्रारीची सोय, निवडणुकींत सर्व उमेदवारांना सारखा न्याय. इंग्लंडनें पंधरवड्याचा दंडक टाकला तेव्हां बेशिस्त माजली नाहीं. दंडकाच्या जागीं शिस्त आली.

श्रोतेहो, रेडिओ हें गरिबाचें आणि कामांत गुंतलेल्या माणसाचें साधन आहे. भाकरी भाजतांना, रिक्षा चालवतांना, डोळे अधू झाल्यावरहि तो ऐकतां येतो. ज्यांना वर्तमानपत्र वाचावयास सवड किंवा नजर नाहीं, त्यांचीहि घरपट्टी वाढते आणि त्यांच्याहि नळाचें पाणी जातें. त्यांना त्यांच्या भाषेंत, त्यांच्या गांवच्या माणसानें, आदल्या रात्रींच्या ठरावाची हकीगत सांगावी, ही मागणी फार मोठी नव्हे. ती आपण सुशिक्षितांनीं केली पाहिजे. आणि असा वार्ताहर लाभलाच, तर तो आपल्या आवडत्या पक्षाला अडचणीचा प्रश्न विचारील त्या दिवशीं त्याच्यावर रुसूं नये, एवढी तयारीहि आपण आजपासून ठेवावी.