आपल्या घरचे टपाल
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी शिकविणाऱ्या माणसाने सर्व्हरविषयी बोलावे, हे काहीसे विपरीतच. परंतु आपल्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि ईमेल ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतात, तो उभा करणारा माझा विद्यार्थी २०२१ साली नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि जाताना किल्ल्या माझ्या हाती देऊन गेला. तेव्हापासून मी त्या यंत्राचा राखणदार आहे. मालकी आपणा सर्वांची.

प्रथम कबुली देतो. २०२२च्या पावसाळ्यात कार्यालयाच्या ईमेलचा पासवर्ड ‘ग्रंथालय’ या शब्दापुढे आपले स्थापना-वर्ष, असा होता. तो ठेवला होता मीच. लक्षात राहावा म्हणून. कोणा परक्याने तो ओळखला आणि एका रात्रीत आपल्या नावाने हजारो जाहिराती जगभर धाडल्या. सकाळी पाहतो तो पत्रांची रांग तुंबलेली. आपला पत्ता काळ्या यादीत गेला आणि जवळजवळ तीन आठवडे आपली पत्रे परत तरी येत, नाहीतर समोरच्याच्या स्पॅममध्ये पडत. वार्षिक सभेची सूचना त्यातच हरवली. देवासचे एक वयोवृद्ध आश्रयदाते भेटले तेव्हा म्हणाले, “मास्तर, आम्हाला यादीतून वगळलेत काय?” त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, परंतु तो प्रश्न अद्याप बोचतो.

असे होऊ शकते, याचे मूळ जुने आहे. जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली ईमेल-वहनाचे एसएमटीपी हे नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावरची मंडळी थोडी आणि बहुधा परिचयाची होती. पाठविणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानण्याचा तो काळ. १९८८च्या नोव्हेंबरात कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘कृमी’ने तो विश्वास मोडला, त्याच्या शिरकावाची एक वाट सेंडमेल या टपाल-प्रणालीतच उघडी राहिली होती. पुढे सुधारणा झाल्या. आपल्या नावाने कोणत्या यंत्राने पत्र पाठवावे हे एसपीएफ जाहीर करते. डीकेआयएम पत्रावर मुद्रा उमटविते. आणि दोन्ही कसोट्या फसल्या तर पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने प्रत्येक प्रेषकाकडून पहिल्या दोहोंपैकी एक तरी मागितले आहे. आपण तिन्ही बसविली आहेत. तथापि चोराच्या हाती खरा पासवर्ड पडला, तर मुद्राही खरीच उमटते!

म्हणून दार बंद करणे आले. सर्व्हरची नोंदवही उघडली की दिसते : ‘रूट’ या नावाने रात्रभर कोणी ना कोणी दार ठोठावीत असतो. ही बहुतेक माणसे नव्हेत, यंत्रेच. आता आपण दूरस्थ प्रवेशासाठी पासवर्ड बंद करून सांकेतिक किल्लीच ठेवली आहे. वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला फेल-टू-बॅन काही काळ बाहेर ठेवते. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या रोज आपोआप बसतात.

त्या दुरुस्त्यांवरही आंधळा विश्वास नको काय? मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा साधनात चोरवाट आढळली. सुमारे दोन वर्षे निष्ठेने मदत करून टोपणनावाच्या एका व्यक्तीने ती पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचे कुतूहल वाटले आणि बिंग फुटले. अर्धा सेकंद! प्रूफ वाचताना काना-मात्रेवर अडणारा डोळा मला त्यात दिसला. तरीही दुरुस्त्या थांबविणे त्याहून घातक.

शेवटी बॅकअप. दररात्री ग्रंथसूचीची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते, या समाधानात मी आठ महिने होतो. प्रत्यक्ष उघडून पाहिली तेव्हा फाईल होती, आत सूची नव्हती. दैवाने मूळ यंत्र शाबूत होते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वाचनकक्ष बंद झाल्यावर, ती प्रत रिकाम्या यंत्रावर उतरवून दहा पुस्तके शोधून पाहतो.

सर्व रीत मी एका वहीत मराठीत लिहून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवली आहे. माझी निवृत्ती फार दूर नाही. येत्या पहिल्या रविवारी आपल्यापैकी दोघांनी ती वही घेऊन यंत्रापुढे बसावे. मी शेजारी बसेन, परंतु कळफलकाला हात लावणार नाही.