आळवावरचे पाणी आणि प्लास्टिक

क्षणभंगुर गोष्टीला ‘आळवावरचे पाणी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. पण आपले लक्ष गेले ते पाण्याकडे. पानाकडे क्वचितच कोणी निरखून पाहिले.

म्हापशाहून डिचोलीकडे किंवा पेडण्याकडे जाताना पावसाळ्यात कुंपणाकडेला तेरे माजलेले दिसते. त्या अळवाच्या पानावर पडलेला थेंब पसरत नाही. गोळा होऊन घरंगळतो आणि जाता जाता धूळही घेऊन जातो. तेच पान पाण्यात बुडवून तिरपे पाहावे. चांदीचा वर्ख लावल्यासारखे ते चकाकते. हा वर्ख म्हणजे हवेचा पातळ थर. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात व त्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण. थेंब केवळ त्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानावरून हे रहस्य उलगडून दाखविले.

थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो अगदी लहान, टेफ्लॉनवर सुमारे ११० अंश, तर अळवाच्या पानावर १५० हून अधिक. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कोणतेही रसायन लावा, हा कोन १२० अंशांच्या फारसा पुढे सरकत नाही. पुढची मजल खडबडीतपणाच्या बळावरच मारावी लागते.

म्हणूनच २००३ साली तुर्कस्तानातील एर्बिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. दोऱ्या, डबे ज्याचे होतात ते साधे पॉलिप्रॉपिलीन त्यांनी विद्रावकात गरम करून विरघळविले, त्यात प्लास्टिकला न विरघळविणारा दुसरा द्रव मिसळला आणि त्याचा थर काचेवर सुकू दिला. द्रव उडून जाताना प्लास्टिक जाळीदार होऊन साकळले. स्पर्शकोन भरला १६० अंश! फ्लोरिनयुक्त रसायनांची गरजच पडली नाही. ही बाब लहान नव्हे. त्या कुळातील काही रसायने पाण्यात व देहात वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि त्यांपैकी एकावर २०१९ साली स्टॉकहोम कराराने जागतिक निर्बंध आणले.

आपल्या भाषेच्या मुलखातही हे काम झाले आहे. सांगली जिल्ह्यातील जत हा पाण्यासाठी वणवण करणारा तालुका. तेथील राजे रामराव महाविद्यालयात डॉ. संजय लठ्ठे यांनी स्वयंस्वच्छ पृष्ठभागांची प्रयोगशाळा उभारली. पॉलिस्टायरीन व सिलिकाचे सूक्ष्म कण यांचे जलरोधी थर, तसेच तेल पिऊन पाणी नाकारणारे स्पंज, हे तेथील अभ्यासाचे विषय. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडी येणारे डांबरी गोळे अशा स्पंजाने निघायचे नाहीत, ते फार घट्ट असतात; पाण्यावर तरंगणारे पातळ तेल मात्र टिपता येईल.

मग आमच्या चिऱ्यांच्या भिंतींना हा लेप का लावू नये? येथे जरा थांबावे. अळवाचे पान अंगठ्याने चोळून पुन्हा थेंब टाका. तो तेथेच चिकटतो. उंचवटे मोडले, हवा गेली. कोवळे पान पुन्हा मेण तयार करू शकते, प्लास्टिकला ती विद्या अवगत नाही. शिवाय कोकणातल्या दमट हवेत बाष्प त्या सूक्ष्म फटींतच निवते व हवेची जागा घेते. वरून पडणारा थेंब उडविणारा थर आतून ओला होऊ शकतो. तेव्हा कोरड्या प्रयोगशाळेतल्या कोनावर भाळून डबा विकत घेण्यापेक्षा, हा लेप किती घासण्या व किती पावसाळे सोसतो, हे दुकानदाराला विचारणे बरे.

२०२० साली चिनी व फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी यावर एक तोड काढली. पृष्ठभागावर त्यांनी सूक्ष्म खळग्यांची भक्कम चौकट कोरली आणि नाजूक थर त्या खळग्यांत दडविला. पोलादी पाते फिरवले तरी ते चौकटीच्या कडांवरूनच सरकते. आतला थर शाबूत राहतो आणि थेंब घरंगळतच राहतो.