आधी दिसावे, मग वाचावे



आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा गहन विषय सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर उतरविला, आणि मजकुराच्या जोडीला आकृत्या काढल्या. मांडणी हाही अर्थाचाच भाग, हे त्यांनी जाणले होते असे आम्ही समजतो. जुन्या पोथ्यांत शब्द सलग असत. पण भोवती समास मोकळा, शाई काळी, नि दंड पुष्कळदा तांबडे. डोळ्याला विसावा मिळे.

आज आमचा शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवर पीकविम्याची सूचना वाचतो. पांढऱ्यावर फिकट करडे अक्षर असले, तर उन्हात पडदा कोराच दिसतो. मुदत टळते, आणि दोष त्याच्या अक्षरओळखीला! वेबचा जागतिक दंडक सांगतो की, साध्या मजकुरात अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, पांढऱ्यावर काळ्याचे ते २१ : १ भरते. शिवाय मराठीला वर मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की ते एकमेकांत शिरतात.

शोभेला आमचा विरोध नाही. पण ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच दिसले नाही, तर लिहिले कशाला?