फोटो मुके होण्यापूर्वी

शनिवारवाड्यातील राजप्रासाद १८२८ साली आगीत भस्मसात झाला. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. त्यामुळे पेशव्यांच्या त्या वैभवाचे एकही छायाचित्र नाही. उरली ती जोती आणि तटबंदी. हा झाला दैवाचा भाग. परंतु १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने पुण्यातील नदीकाठचे वाडे पाडले आणि पुढे कित्येक वाडे आपणच पाडले, तेव्हा कॅमेरे होते. ती छायाचित्रे आपल्याच घरांतील ट्रंकांत पडून आहेत. मुंजीच्या फोटोत बटूमागे दिसणारा चौक, दिंडीदरवाजा हाही इतिहासाचा पुरावाच आहे. आज वडीलधाऱ्यांजवळ बसा. फोटोमागे पेठ, वाडा, साल पेन्सिलीने लिहून घ्या. सांगणारे गेले, की फोटोही मुके होतात.